सिद्धगडाखालची सावड

काड्‌कन आवाज झाला आणि मी मागे वळले. ओढ्यावर पाट्या धुऊन आम्ही कातळावर वाळत घातल्या होत्या, आणि खांद्याला पिशवी लावलेला एक उंच माणूस त्यातल्याच एकीवर पाय देऊन उभा होता.

"अहो! भागीची पाटी होती ती!"

"सॉरी… मला वस्तीशाळेच्या बाईंना भेटायचं होतं."

"भेटलात ना. आमच्या शाळेत पाटी फोडली का ओणवं राहायला लागतं."

आणि तो बाबा खरंच ओणवा झाला! पोरं खिदळली. मी ओठ घट्ट दाबून धरले, पण हसू थोडंच थांबतंय…

तो हरेश. आसनगावचा, मुंबईतल्या एका संस्थेत संशोधक. त्या संस्थेला कुठल्याशा ट्रस्टनं निधी दिला होता – संस्थेनं आणि आमच्यासारख्या वस्तीशाळांनी मिळून शोधायचं, की गावानं चालवलेल्या शाळेत मुलं खरंच शिकतात का. आमची शाळा म्हणजे आमच्याच घराची पडवी, आणि बारावी झालेली मी, रुपाली, तिथली एकुलती एक बाई. अहवाल चांगला गेला तर शाळा राहणार. नाहीतर बंद! मग एवढ्याशा पोरांनी पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. ती जाणार नाहीत, गुरांमागे जातील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हरेश दर आठवड्याला यायचा. पडवीच्या खांबाला टेकून लिहीत बसायचा.

"काय लिवता एवढं?"

"बाई फळ्यावर लिहिताना बट कानामागे सारतात…"

"हे अभ्यासात येतं?"

"नाय. हे माझ्यासाठी."

काहीतरीच! पण त्यानंतर सातचा पाढा मी चुकीचा म्हटला, आणि पोरांनी तो तसाच माझ्यामागे म्हटला.

संध्याकाळी सिद्धगडावर धुकं उतरायचं, मोहाच्या फुलांचा वास सुटायचा, आणि मी त्याला ओढ्यापर्यंत सोडायला जायचे. बोलायचो कमी, रेंगाळायचो जास्त. प्रेमच होतं ते. उगाच आडपडदा कशाला?

शिमग्याआधी परीक्षा झाली. पेपर चाळता चाळता हरेशचा चेहरा उतरत गेला. सगळ्यांची उत्तरं एकसारखी होती. चुकलेलं गणितसुद्धा सगळ्यांचं तसंच चुकलेलं.

"रुपाली… ही कॉपी आहे."

माझं डोकं सणकलं. मी भागीला पुढे ओढलं. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "बाई, बुधूला वाचाया येत नवतं, मना हिशेब येत नवता. मंग आमी सावड केली."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी आमच्या. आमच्याकडे एकट्याचं भातखाचर एकटा लावत नाही. पेपर मात्र एकट्यानं लावायचा असतो, हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा.

"तुमच्या आसनगावात सावड नाय का हो?"

"होती… आजोबांबरोबर गेली."

"मग लिवा कॉपी! लिवा, अन् करा बंद शाळा!"

तो पिशवी उचलून गेला. मी ओढ्यापर्यंत सोडायलाही गेले नाही.

पाडव्यानंतर त्याच्या जागी संस्थेच्या काशी मॅडम आल्या. एकेका पोराला आंब्याखाली बसवून त्यांनी तोंडी विचारलं. मी आपली पडवीत खांब धरून उभी. बुधू अडखळला, पण वाचलं त्यानं! भागीनं हिशेब बोटांवर का होईना, बरोबर केला.

"शिकतायत की पोरं," मॅडम हसल्या. "शाळा चालू राहावी असंच लिहिणार मी."

माझा जीव भांड्यात पडला. मग धीर करून विचारलं, "अन्… हरेश सर?"

"त्यानंच संस्थेला सांगून ही फेरपरीक्षा घ्यायला लावली, आणि स्वतः हे काम सोडलं. म्हणाला, बाईंवर माझा जीव जडलाय, मी दिलेल्या मार्कांवर विश्वास कोण ठेवील?"

मला तिथेच रडू फुटलं. काय काय बोलले होते मी त्याला…

आवणीला, म्हणजे भातलावणीला, आमच्या खाचरात अख्खी वस्ती उतरली होती. वर भुरभुर पाऊस, खाली गुडघाभर चिखल. मान वर केली तर बांधावर हरेश! पँट दुमडलेली, हातात नवी कोरी पाटी.

"ही भागीची," तो म्हणाला. "अन् मी… सावडीला आलोय."

"येतं का काय लावाया?"

"नाय. बाई शिकवतील ना?"

तो माझ्या शेजारी उतरला आणि पहिल्याच पावलाला रुतला. सगळे हसले. मी हात दिला, तो त्यानं सोडलाच नाही.

"सावड केली का फेडायला लागते, माहीत हाय ना?" तो हळूच म्हणाला. "पण आमच्याकडे आता शेत नाय उरलं. नुसतं घर हाय. तिथं… येशील?"

मी हातातल्या रोपांकडे बघतच विचारलं,

"अन् माझी शाळा?"

"तू रोज शाळेत ये. मी रोज ओढ्यापर्यंत न्यायला येईन."

पलीकडून माझे बाबा, भिमा, वाकल्या वाकल्याच ओरडले, "सावड बाकी ठेवायची नाय गो, रुपाली!" म्हातारा सगळं ऐकत होता तर!

मी रोपांची मूठ हरेशच्या हातात कोंबली.

"आधी ही ओळ सरळ लाव. मग येते."

ती ओळ शेवटपर्यंत वाकडीच लागली. तरी मी गेले.