नागसेनच्या घरची तांब्याची पट्टी

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते.

कीर्तनात आधी निरूपण होतं, मग कथा लागते. माझ्याजवळ निरूपण नाही. सरळ कथाच आहे, आणि ती खरी आहे. कोणाकडून ऐकलेली नाही. मी तिथंच होते... पहिल्या रांगेत.

वर्धेला लागून आमची नालवाडी. यंदाचा वैशाख. सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

रात्र नव्हती. चांगला उजेड होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक म्हणतात, अंधारात भास होतात.

मी सीताबाई. कुठं कीर्तन आहे म्हटलं की ताटावरून उठून जाणारी बाई, असं वस्तीत माझं नाव आहे. माझ्या भिंतीला भिंत लागून नागसेनचं घर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. बायको आधीच गेली होती. एकच लेक, मयुरी, शाळेत शिकवते.

नागसेनला रेडिओचा नाद. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारी परवाना घेऊन, घरात बसून, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी तो वायरलेसवर बोलायचा. छतावर उंच खांब, त्यावर लांब तार. खांबापासून तांब्याची जाड पट्टी भिंतीवरून खाली अंगणात यायची आणि मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात जायची. ते त्याचं अर्थिंग.

उन्हाळाभर तो रोज सकाळी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. माती सुकली की अर्थिंग मरतं म्हणे.

"काऊन गा नागसेन, लोखंडाले फुलं येऊन राह्यले का?" मी भिंतीवरून विचारायची.

"येऊ द्या ताई. पह्यलं फूल तुमच्या देवाले."

त्याच्या दारात निळा झेंडा, घरात बुद्धाची मूर्ती. देव मानत नव्हता. पण कीर्तनाला यायचा. मंडपात नाही, बाहेर भोंग्याखाली उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी मला चिडवायचा.

"महाराज बरोबर हायेत ताई. पन तुमचा देव घरघरते."

खोटं नव्हतं. आमचा माइक फार घरघरायचा.

वैशाखात आमच्याकडे पावसाआधी कोरडं वादळ उठतं. नागसेन म्हणायचा, त्यासाठी वीज पडावीच लागत नाही. नुसती धूळ तारेला घासत गेली तरी तारेत करंट साठतो. सेट जळतो, माणूसही फेकला जातो. म्हणून आभाळ पिवळं झालं की तो शिडी लावून चढायचा आणि तारेची केबल सोडवायचा.

पण त्याआधी एक काम. लाकडी दांडीचा एक आकडा होता त्याच्याकडे, त्याला वायर जोडलेली. वायरचं टोक पट्टीला लावायचं आणि आकडा केबलला टेकवायचा. चट् असा आवाज व्हायचा. साठलेलं सगळं जमिनीत गेलं, की मगच हात.

"आधी जमिनीले दाखोजो, मंग हात लावजो." लेकीलाही त्यानं हेच शिकवलं. एकदाही चुकलेला मी पाहिला नाही.

मागच्या वर्षी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी माइक इतका घरघरला की महाराजांचे शब्द कळेनात. नागसेननं तानबाला सांगितलं. तानबा म्हणजे आमच्या सप्ताह समितीचा अध्यक्ष.

"तुमच्या मशीनले अर्थिंग नाई. वेगळा रॉड ठोका. उद्या संध्याकाळी मीच ठोकून देतो."

"पाहू," तानबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरांमागच्या मंडपातून 'हॅलो, हॅलो' ऐकू आलं. स्वच्छ. काचेसारखं. मला वाटलं, नागसेननं आधीच काम केलं.

मग वारा सुटला. आभाळ पिवळं झालं. मी अंगणात वाळत घातलेल्या कुरड्या गोळा करत होते, आणि पलीकडे नागसेन शिडीवर होता.

त्यानं वायर पट्टीला लावली. आकडा केबलला टेकवला. मी या डोळ्यांनी पाहिलं.

चट् आवाज आला नाही...

तो जरा थांबला. आज काही साठलं नसेल, असंच त्याला वाटलं असणार.

त्यानं हात लावला.

तेव्हा आवाज आला.

खाली फरशी होती. मी भिंतीला वळसा घालून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माणसं धावली. तानबा धावला, त्याचा साउंडवाला रोशनही धावला. कोणी गाडी आणली, कोणी मयुरीला फोन केला. आत सेटमधून जळका वास येत होता.

त्या संध्याकाळी तानबानं कीर्तन थांबवलं नाही. मी गेले नाही. मयुरीला धरून बसले होते. मंडपातला आवाज घरात येत होता...

माइक पुन्हा घरघरत होता.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही. दुःखात कोणाला सुचतं?

नंतर तानबा वस्तीभर सांगत फिरला. "वय झालं होतं. जमिनीले दाखवाचं इसरला बिचारा." मी सांगितलं, तो विसरला नाही, मी पाहिलं. तर हसून म्हणतो, "सीताबाई, तुमाले धुळीत दिसते का? पट्टी पाहा, जागच्या जागी हाये. करंट गेला कसा नाई मंग?"

पट्टी खरंच जागेवर होती. घट्ट. पण माझ्या आत जे पेटलं ते विझलं नाही. आवडीच्या अभंगाला टाळी द्यायला गेले तरी माझे हात कडक व्हायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे मयुरीनंही तेच धरलं.

"मले जनमभर शिकवलं अन सोता इसरले. काकू, मी बाबाइले माफ नाई करत." वर्षभर तिनं त्याच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, पण फोटोकडं पाहिलं नाही.

यंदा वैशाखात तिनं जळका सेट उघडला. तारेकडचा सगळा भाग काळा पडला होता. रोज शाळेतून आली की बसायची. जळके भाग काढायची, नवे भाग सोल्डरचा डाग देऊन बसवायची. मला बरं वाटलं, पोरगी बापाकडे वळली. पण तिच्या मनात वेगळंच होतं.

"दुरुस्त झाला की देऊन टाकते कोनाले. सप्ताह सरला की खांबबी काढून टाकते. त्याइच्या चुकीची निशानी कायले ठेवू?"

जे पाहिलं ते एकटीनं पाहिलं होतं.

आता ती संध्याकाळ ऐका.

पाचला कीर्तन लागलं. महाराजांचा गळा असा, की दगड मऊ व्हावा. तानबा व्यासपीठाजवळ हार घेऊन बसला होता. माइक नेहमीसारखा घरघरत होता. तेवढ्यात वारा उठला, मंडपाचं कापड फडफडू लागलं, आभाळ पिवळं झालं... अगदी मागच्या वर्षीसारखं पिवळं.

मयुरी मला न्यायला आली. हातात त्या सेटचा बोलायचा माइक होता, उघडलेला, वायरीचं टोक लोंबकळत होतं. काम टाकून तशीच आली होती.

"काकू, घरी चला. वादळ येऊन राह्यलं."

आणि लाईट गेली.

भोंगा बंद. पंखे बंद. रोशन जनरेटरकडे गेला. महाराज नुसत्या गळ्यानं म्हणू लागले.

मग भोंगा घरघरला...

लाईट नव्हती. जनरेटर सुरू झालेला नव्हता. मशीनवरचा लाल दिवा विझलेला होता. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

महाराज थांबले.

घरघर हळूहळू कमी झाली. आवाज स्वच्छ झाला. काचेसारखा. त्या स्वच्छ शांततेत कोणीतरी माइकवर बोटानं वाजवलं. टक... टक.

नागसेन बोलायच्या आधी असंच वाजवायचा.

मयुरीनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

भोंग्यातून आधी खोकला आला. मग आवाज.

"मयुरी... म्या जमिनीले दाखोलं होतं."

शांतपणे नाही बोलला. मी त्या माणसाला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या आवाजात एवढा राग होता की मंडपाचे बांबू हलतील असं वाटलं.

"म्या दाखोलं होतं. जमीनच नव्हती."

पुढं थोडा वेळ नुसती धूळ वाजली, कापडावर, टिनावर. मग भोंग्यातून दुसरा आवाज आला. तो आम्ही रोज ऐकतो. तानबाचा.

"सोड त्याच्या खांबाची पट्टी खड्ड्यापासून, अन खड्ड्यातून आपल्या मशीनले वायर जोड. त्याले काय विचाराचं? त्याच्या घरी का देव हाये?"

तानबा आमच्यासमोर बसला होता. हार हातात. तोंड मिटलेलं.

भोंगा बोलत होता, आणि तानबाचे ओठ हलत नव्हते.

"मेला काय? जाय, पट्टी लावून ये पटकन. कोनी पाहाच्या आंधी." तेवढं बोलून भोंगा बंद पडला. पुन्हा घरघरलाही नाही.

महाराजांनी गळ्यातली वीणा काढून बाजूला ठेवली आणि तानबाकडे पाहिलं.

"खरं काय आहे?"

तानबा उठला. मयुरीकडे बोट केलं. "हिनं केलं. हिच्या बापाची मशीन हाये हिच्याजवळ. वायरलेसचा आवाज भोंग्यात येते, सगळ्याइले मालूम हाये."

मयुरी पुढं गेली. तिनं तो उघडा माइक, लोंबकळत्या वायरीसकट, त्याच्या हारावर ठेवला.

"याच्यातून?"

तानबानं माइकसकट हार खाली टाकला.

आणि मला राग येतो तो इथं. भुताचा नाही, माणसांचा. एवढं ऐकून लोक काय म्हणाले? वादळात असं होते. हवेतला करंट असते. जाऊ द्या, काला आहे उद्या. दुसऱ्या दिवशी तानबानंच दहीहंडी बांधली. आजही तोच अध्यक्ष आहे. हात जोडून विठ्ठलापुढं उभा राहतो. मी त्याच विठ्ठलाला विचारते, तुला याचे हात दिसत नाहीत का?

काला झाल्यावर रोशन माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याशीच बसून रडला.

"काकू, पट्टी म्या सोडली होती. मीच परत लावली. पन तानबाजी जे बोलले ना... तवा आमी दोघंच होतो. तिसरं कोनीच नव्हतं. रेकॉर्ड कोन करन?"

मी त्याला मयुरीकडे नेलं. तिच्यासमोर सगळं बोलायला लावलं. पोलिसातही चल म्हटलं. त्या दिवसापासून रोशन वस्तीत दिसला नाही. साउंडचं काम सोडलं म्हणतात.

मयुरीनं खांब काढला नाही. सेट दुरुस्त करून जागेवर बसवला. परवा तिनं बापाच्या फोटोकडं पाहून मेणबत्ती लावली. मी दारातून पाहिलं आणि परत फिरले.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून विचारलेली नाही.

काल सकाळी भिंतीवरून डोकावले. नळाला पाणी नव्हतं, तीन दिवसांपासून वस्तीभर नव्हतं. मयुरी पुलगावला मैत्रिणीकडे गेलेली. घराला कुलूप.

आणि खड्ड्यातली माती ओली होती... नुकतंच कोणी बादलीभर ओतलं असावं तशी.

मी आता कीर्तनाला जाते, पण माइक घरघरला तर मला बरं वाटतं. आवाज एकदम स्वच्छ झाला, की अंगावर काटा येतो. कोणाची पट्टी सोडली असेल?

माझं एवढं ऐका. तुमच्या गावात कीर्तन असेल, भजन असेल, आवाज काचेसारखा येत असेल, तर टाळी द्यायच्या आधी थोडं थांबा. भोंग्याखाली, मंडपाच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या माझ्या नागसेनची आठवण करा. तो विसरला नव्हता. तुम्हीही त्याला विसरू नका.