काचेच्या दोन तुकड्यांमधला धागा

जहांआराबी मणियारणीनं माझ्या हातात सातवी बांगडी चढवली, आणि ती तुटली.

मोताळ्याचा बाजार होता. कार्तिक सरत आलेला. कडुलिंबाखाली तिनं फडकं अंथरलेलं, त्यावरच्या हिरव्या काचेतून ऊन गाळून येत होतं, आणि कापसाच्या गाड्यांवरून सुटलेले पांढरे पुंजके त्या उन्हात हळूहळू तरंगत होते... मी त्यांच्याकडं बघत होते, हाताकडं नाही. मनगटावर एक बारीक लाल रेघ उमटली. बस, एवढंच. पण आईनं बाजार डोक्यावर घेतला.

"अवं माय... रगत! कोनी डाक्टरले बलावा हो!"

धर्मशाळेच्या ओसरीवर दर बाजाराला सरकारी फिरता दवाखाना यायचा. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' लिहिलेली औषधांची पेटी, म्हातारे कंपौंडर रहेमतुल्लाचाचा, आणि त्या वर्षी नवीनच आलेला एक उंच, सडपातळ डॉक्टर. तो चष्मा सावरत धावत आला. हातात कापसाचा बोळा.

"एवढ्या कापसाच्या बाजारात तुमीबी कापूसच घेऊन आले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं माझं मनगट उलटं केलं, सुलटं केलं. बोटं गार होती त्याची. हात धुऊनच आला असावा.

"पण हे तर थांबलंय."

"मी तेच सांगून राह्यली. कोनी आयकन तर."

तो हसला. मग एकदम गंभीर होऊन आईला म्हणाला, "मग तुम्ही एवढ्या का घाबरलात, मनकर्णाबाई?" नाव त्याला जहांआराबीनं सांगितलं असणार.

आईनं पदर तोंडाला लावला. तिच्या भावाची, शालिग्राममामाची गोष्ट तिनं कडुलिंबाखालीच सांगितली. एकोणीस वर्षांचा होता. दात पाडला, आणि दोन दिवस, दोन रात्री रक्त थांबलंच नाही; त्यातच गेला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या हाती सुई दिली नाही कोणी, विळी दिली नाही. कापसाच्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात म्हणून वेचणीलाही नेलं नाही. आणि माझं नाक टोचलं नव्हतं. बारा गावांत अठरा वर्षांची, नाक न टोचलेली मुलगी मी एकटीच.

आता पिंपळगाव राजाचं स्थळ आलं होतं. त्यांना मुलगी पसंत होती. पण त्यांच्याकडं सून सासूची नथ घालूनच बोहल्यावर चढते. नाक टोचा, म्हणाले, मग तारीख काढू.

माझे बाबा, किसनराव, मागं येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "डाक्टर, हिचं नाक टोचलं तर चालन का? हे सांगता येते का कोनाले?"

"सांगता येतं," तो म्हणाला. "पुढच्या बाजाराला आणा हिला."

मला वाटलं, पुढचा बाजार फार लांब आहे. आणि का वाटलं, ते मला कळलं नाही.

*

पुढच्या बाजाराला त्यानं माझ्या बोटाला सुई टोचली. आई डोळे मिटून भिंतीकडं तोंड करून बसली होती. केसाएवढी बारीक काचेची नळी त्यानं थेंबाला लावली, तसं रक्त आपोआप आत चढलं, लाल दोऱ्यासारखं.

"आता दर अर्ध्या मिनिटाला या नळीचा एक तुकडा मोडायचा," तो म्हणाला. मेहकरकडचा माणूस, पण नागपुरात शिकून बोलणं पुस्तकी झालेलं. "रक्त पातळ असेल तोवर तुकडे सुटे होतात. ज्या वेळी दोन तुकड्यांच्या मधे धागा ओढला जाईल, ती वेळ वहीत लिहायची. चांगल्या रक्ताला तीन-चार मिनिटं."

"धागा? रगताचा?"

"त्याला फायब्रिन म्हणतात. रक्तात तो आधीपासून असतो, पण विरघळलेला. दिसत नाही. जखम झाली की त्याचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं, आणि त्यात रक्त अडकतं."

"म्हंजे आपल्या आंगातच कोनी सूत कातून राह्यलं?"

त्यानं नळीवरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. "असं मला अजून कोणी म्हटलं नव्हतं."

"कोन कातते पन?"

"तेच तर शोधतोय. माझे गुरुजी नागपुरात, मी इकडं. दोनशे लोकांचं रक्त तपासून त्यांना वही पाठवायची आहे. तुम्ही एकशे तेराव्या." मग जरा थांबून, हळू आवाजात, "असं समजा... रक्तात दोघं राहतात. एक वाट बघत फिरत असतो. दुसरा झोपलेला. जखम झाली की दुसरा जागा होतो आणि पहिल्याला हाक मारतो. त्या हाकेनं पहिल्याचा धागा होतो."

"अन् हाक मारलीच नाई तर?"

"तर तो असाच फिरत राहतो... जन्मभर."

बाहेर कोणी बैलाला हाकारत होतं. ओसरीच्या कौलांतून उन्हाची एक तिरीप आली आणि त्याच्या चष्म्यावर थांबली. मी विचारलं, तुम्हाला करमतं का इकडं. तो म्हणाला, मागच्या बाजारापासून करमतं. मग तो माझ्याकडंच बघत राहिला, आणि मी त्याच्याकडं. किती वेळ... कोणास ठाऊक.

"डाक्टरसाब," रहेमतुल्लाचाचा खोकले, "नळी."

तो दचकला. घाईनं तुकडा मोडला. काचेच्या दोन टोकांच्या मधे धागा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. वहीत त्यानं लिहिलं: अकरा मिनिटं.

*

अकरा मिनिटांनी माझं सगळं नेलं. पिंपळगाव राजाचं स्थळ गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण विहिरीवर बाया म्हणू लागल्या, किसनरावच्या पोरीचं रगत पानी आहे. आई मला शेवग्याच्या शेंगाही सोलू देईना. वेचणीचे दिवस होते. बाया गाणी म्हणत शेताकडं निघून जात, आणि मी कणगीला टेकून नुसती बसलेली, काचेच्या भांड्यासारखी. सगळा जन्म असाच जाणार होता.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. लहानपणापासून मी चोरून सुई हातात घ्यायची. कितीदा टोचली असेल. बोट तोंडात घातलं, एक ओवी मनात म्हटली, की रक्त बंद.

तिसऱ्या बाजाराला मी आईला जहांआराबीजवळ बसवलं आणि एकटी ओसरीवर गेले.

"तुमची काच खोटी बोलते, डाक्टर."

तो उठून उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा तसे डोळे. "बसा."

"नाई बसत." मी त्याच्या ताटलीतली सुई उचलली आणि स्वतःच बोटात टोचली. "घ्या. अन् या खेपेले घड्याळाकडं पाहा. माह्याकडं नाई."

रहेमतुल्लाचाचांना अचानक बाहेर काही काम आठवलं.

त्यानं नळी भरली. घड्याळ समोर ठेवलं. एक तुकडा मोडला, सुटा. दुसरा, सुटा. तिसरा. तो खरंच माझ्याकडं बघत नव्हता, पण त्याचे कान लाल झाले होते. सहावा तुकडा सुटा झाला. सातवा मोडला, आणि दोन तुकड्यांच्या मधे, कोळ्याच्या तंतूसारखा, एक धागा थरथरत राहिला. तुटला नाही.

"साडेतीन मिनिटं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडं पाहत राहिले. त्यानं वही काढून माझ्यापुढं धरली. चौथीपर्यंत शिकले होते मी, वाचता आलं. एकशे तेराव्या नावापुढचे अकरा त्यानं आधीच खोडले होते. शेजारी लिहिलं होतं: नळी वेळेवर मोडली नाही. तपासणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

"कधी खोडलं हे?"

"त्याच संध्याकाळी कळलं होतं मले." घाबरला की त्याचं पुस्तकी बोलणं गळून पडायचं. "तुमच्या घरी येऊन सांगावं म्हनलं... पन कारण विचारतीन, तर काय सांगू? हिम्मत नाई झाली. माह्यामुळं तुमचं लगन मोडलं."

"लक्ष नव्हतं, इतकंच लिहिलं," मी म्हटलं. "कुठं होतं ते नाई लिहिलं."

तो हसला नाही. खाली बसला, चष्मा काढला.

"कोकिळा," त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "अजून एक सांगायचं उरलं आहे. तुझ्या मामाचं दुखणं मुलग्यांत दिसतं, पण येतं ते आयांच्या वाटेनं. तुझं रक्त चांगलं आहे. नाक टोच, वेचणीला जा. पण पुढं तुला मुलगा झाला तर... त्याचं काय होईल, ते ही नळी सांगत नाही. कोणीच सांगू शकत नाही."

ओसरीवर कापसाचा एक पुंजका उडत आला आणि वहीवर बसला. मी तो उचलला नाही.

"हे आयकल्यावर कोन करन माह्याशी लगन?"

"ज्याला आधीच माहीत आहे, तो."

मला बोटाकडं बघावं लागलं. ते कधीच कोरडं झालं होतं.

"त्याच्याजवळ घड्याळ आहे," मी म्हटलं, "पन पाहाची सवय नाई त्याले."

"आठवण देणारं कोणी पाहिजे."

त्याच दिवशी तो आमच्या गाडीमागून दोन कोस चालत घरी आला आणि बाबांच्या पायाशी बसून सगळं बोलला. चूकही, आणि चुकीचं कारणही. बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग आईला म्हणाले, "सोनाराले निरोप धाड. पोरीचं नाक टोचाचं हाय."

*

आमचा शालिग्राम आता दीड वर्षाचा आहे. नाव आईनं नको म्हटलं होतं, मीच ठेवलं. परवा दुपारी तो उंबऱ्यावर पडला आणि गुडघा फुटला. पहिलंच रक्त त्याचं. मी त्याला मांडीवर घेतलं, आणि आमचे डॉक्टर घड्याळ घेऊन समोर बसले. पोरगं रडून रडून माझ्या नथेशी खेळायला लागलं. थेंब आला, पुसला. थेंब आला... मग आला नाही.

"चार मिनिटं," हे म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत राहिले. खूप वेळ पुसला.

"नक्की ना? की मधे माह्याकडं पाहिलं?"

"एकदाच."

"मग तीनच असतीन," मी म्हटलं.