पंचमात करकरणारा पाळणा

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर सोडून द्या. आणि भूत म्हटलं की ज्यांना अमावास्येची रात्र, वडाचं झाड आणि पांढरी साडीच लागते, त्यांनी तर इथंच थांबावं. हे भर दुपारी घडलं. आदिलाबाद शहरात, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, गॅसवर साबुदाण्याची उसळ शिजत असताना.

घडलं माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी. मथुराबाई तिचं नाव. मावशी खोटं बोलत नाही. त्या घरात खोटं बोलायचं खातं तिच्या नवऱ्याकडे होतं.

तिचा नवरा म्हणजे प्रोफेसर भगवंतराव. हैदराबादच्या एका विद्यापीठात संगीत शिकवायचे, घर मात्र आदिलाबादलाच. संगीतकार म्हणून केवढं नाव! रेडिओवर गाणी, अंगावर शाली, भिंतीवर मानपत्रं. आणि ही गाणी यायची कुठून? साहेब नार्नूरकडच्या खेड्यांत जायचे, कापूस वेचणाऱ्या बायांना गायला लावायचे, स्वरलिपीत उतरवून घ्यायचे आणि कागदाच्या डोक्यावर लिहायचे, ‘चाल : स्वतःची’. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

मावशी म्हणायची, “या मानसाचा सोताचा म्हनावा असा एकच सूर होता. घोरन्याचा.”

साहेबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे एक पाळणा. तोही चोरीचाच. तो होता नार्नूरकडच्याच एका कापूस वेचणाऱ्या बाईचा, बयनाबाईचा. साहेबांनी तो उतरवून घेतला त्या दिवशी मावशी सोबत होती, तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

बयनाबाईच्या घरी नुकतंच बारसं झालं होतं. लाकडी पाळणा टांगलेला, आत लेकरू. ती गायला लागली की लेकरू रडायचं. साहेबांनी लावलेली रेकॉर्डिंगची टेप खराब व्हायची. साहेब वैतागले.

“लेकरू बाहेर न्या. पाळणा मात्र हलता ठेवा. त्याची करकर हवी आहे मला, बरोबर पंचमात लागते!”

बयनाबाईचा हात थांबला.

रिकामा पाळणा हलवू नये. लेकराला बाधतं. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त प्रोफेसरला.

मावशी बोललीसुद्धा, “अवो, असं करू नाही.”

साहेब हसले. “मथुरा, तुला सुरातलं काय कळतं?”

झालं. शहरातून आलेल्या साहेबाला नाही कोण म्हणणार? बयनाबाई गायली. रिकामा पाळणा हलवत गायली.

ते लेकरू महिन्याच्या आत गेलं.

साहेब म्हणाले, मलेरिया. असेलही. पण या माणसाची कमाल पाहा, त्यानंतर तो पाळणासुद्धा मागून आणला! पंचमाचा पाळणा म्हणे. बयनाबाईनं दिला. देताना एवढंच म्हणाली, “न्या. पन रिकामा ठेवू नोका.”

साहेबांना मोठी गंमत वाटली. त्यांनी पाळणा आपल्या खोलीत टांगला आणि त्यात स्वतःचे कागद रचले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “ही माझी लेकरं!” खरी लेकरं, भूषण आणि उत्कर्षा, दारात उभी राहून ऐकायची.

साहेब गेले. कागद पाळण्यातच राहिले.

आता त्या गुरुवारचं ऐका.

भूषणचं गावात बी-बियाण्याचं दुकान आहे. बापाचे कागद विद्यापीठाला द्यायचे, तिथं बापाच्या नावाचं दालन होणार, म्हणून तो महिनाभर हवेत होता. विद्यापीठातून कुलदीप आला. साहेबांचाच चेला. सिल्कचा कुर्ता, खांद्याला शबनम. साहेबांच्या फोटोपुढं उभा राहून त्यानं डोळे पुसले. डोळ्यांत पाणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शेजारच्या खोलीत उत्कर्षा होती. बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, बारसं व्हायचं होतं. मावशीनं नातीला लुगड्याची झोळी बांधली होती.

मऊ, जुन्या लुगड्याची. तिचा आवाज होत नाही.

कुलदीपनं पाळण्यातले कागद काढले आणि एकेक गठ्ठा खोक्यांत भरला. शेवटचा गठ्ठा निघाला. मग स्वारीला लहर आली. त्यानं पाळण्याला झोका दिला.

मावशी स्वयंपाकघरात होती. तिच्या कानावर आलं...

करकर... करकर...

ती झारा टाकून धावली.

“थांबव! थांबव आधी! रिकामा हाय तो!”

“काकू,” कुलदीप हसत म्हणाला, “तुम्ही सरांच्या पत्नी. तुमच्या तोंडी हे शोभत नाही. ऐका ना, अजूनही पंचमच!”

“तुह्या पंचमाले आग लागो! घरात ओली बाळंतीण हाय!”

कुलदीपनं खांदे उडवले आणि पाळणा हातानं धरला. पाळणा थांबला.

करकर...

थांबली नाही.

मावशीनं पाळण्याकडं पाहिलं. तो गप्प टांगलेला होता. कुलदीपची मूठ अजून त्याच्या कडेवर होती.

करकर... करकर...

आवाज शेजारच्या खोलीतून येत होता.

मावशी आत गेली. झोळी हलत नव्हती. उत्कर्षा तिच्याजवळ उभी होती, पांढरीफटक.

“आई, म्या हात बी नाही लावला व... आन् हिले पाह्य ना, काय झालं हिले!”

नात जागी होती. रडत होती. तोंड उघडलेलं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

पण रडण्याचा आवाज नव्हता.

जराही नाही. नुसती करकर... टेपवर साहेबांना हवी होती तशी. लेकराशिवायची.

लेकराचे ओठ काळेनिळे पडायला लागले होते.

ती स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. बारशाला बाळाआधी वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तसा तो टॉवेलात गुंडाळला आणि लाकडी पाळण्यात ठेवला.

करकर चालूच.

दगडाला कोण फसतं!

मग मावशीचं लक्ष खोक्यांकडं गेलं.

“कागद टाक त्याच्यात! जसे होते तसे टाक!”

कुलदीपनं खोक्याला मिठी मारली. “काकू, हा राष्ट्राचा ठेवा आहे!”

भूषण तर त्याच्याही पुढचा. “आई, काऊन इज्जत घालवून राह्यली? गाडी उभी हाय बाहेर! लोक काय म्हनतीन?”

“तुही भाची निळी पडून राह्यली आन् तुले लोकाची पडली? सरक, मुडद्या!”

मावशीनं खोकं ओढलं, फाडलं. गठ्ठे उचलून पाळण्यात फेकले. दुसरं खोकं. तिसरं. पाळणा काठोकाठ भरला तरी आवाज थांबेना. तिनं वळून पाहिलं. कुलदीप दाराकडं सरकत होता, एक कागद शबनममध्ये सारत.

तोच कागद. बयनाबाईच्या पाळणागीताचा.

मावशीनं तो हिसकावला आणि गठ्ठ्यांच्या खाली, पार तळाला खुपसला.

करकर थांबली.

आणि शेजारच्या खोलीतून टाहो फुटला. त्या घरात एवढं सुरेल काही आधी कधी ऐकू आलं नव्हतं, असं मावशी म्हणते.

कुलदीप तसाच पळाला. नंतर त्यानं कुठंतरी लेख लिहिला, सरांच्या अडाणी कुटुंबामुळं केवढा ठेवा कुजतोय म्हणून. लिहिणारच. पळताना चपला राहिल्या, ते नाही लिहिलं.

डॉक्टरांनी लेकराला तपासलं. घसा चांगला, छाती चांगली. थाटात बारसं झालं. नाव ठेवलं प्रणिता. महिन्या-दीड महिन्यानं उत्कर्षा लेकीला घेऊन निर्मलला सासरी गेली.

कागद पाळण्यातच. मावशी म्हणायची, “जन्मभर उपयोग नाही झाला या मानसाचा. आता कुठं कामी आला.”

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

परवा मी मावशीकडं गेले. जेवणं झाली. तिनं मला त्या खोलीत नेलं आणि पाळण्यातला वरचा कागद माझ्या हातात ठेवला.

कोरा होता.

शाई पुसट झालेली नव्हती. शाई नव्हतीच. दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. सूर नाहीत, ताल नाही, शब्द नाहीत. गठ्ठेच्या गठ्ठे तसेच.

फक्त प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक ओळ जशीच्या तशी.

‘चाल : स्वतःची. प्रा. भगवंतराव.’

मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, बरं झालं, ज्याचं त्याच्याकडं गेलं.

मावशी हसली नाही.

“दर दिवशी थोडे थोडे जाते व. आता तळाचा तेवढा राह्यला, बयनाबाईचा. त्याच्या बी दोन वळी गेल्या.” तिनं तो कोरा कागद जपून परत ठेवला. “बाकी काय हाय याच्यात? नुसता त्याचा तोरा. तोऱ्यानं पाळना भरते काय व, बाई?”

तेवढ्यात फोन वाजला. निर्मलहून उत्कर्षा. मावशीनं स्पीकर लावला.

“आई, आज तं गंमतच झाली! सकाळपासून प्रणिता रडलीच नाही. एकदा बी नाही! किती शहानी झाली व माही पोरगी!”

मावशीचा हात पाळण्याच्या काठावर होता. तो तिथंच आवळला गेला.

“उत्कर्षा,” ती हळू आवाजात म्हणाली, “रडली नाही... का आवाज नाही आला? जा, पाह्य. तिचं तोंड पाह्य.”

“असं काऊन म्हनतं व?”

“जा म्हनतो ना!”

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग उत्कर्षाची पावलं, लांब जाणारी. मग काहीच नाही.

निर्मलच्या त्या घरात पाळणा नाही. तिथंही लुगड्याचीच झोळी आहे, मी स्वतः पाहिली आहे.

फोन चालूच होता.

करकर...

मला सुरातलं काही कळत नाही. मी मावशीकडं पाहिलं.

“पंचम,” मावशी म्हणाली.