कौलांवरचं पाचवं माणूस

कौल माझ्या हातून निसटलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. ते उतरणीवरून घसरत गेलं, कडेला क्षणभर थबकलं, आणि मग अंगणातून जाणाऱ्या पायवाटेवर पडून फुटलं – तिथून चाललेल्या एका माणसापासून दोन हातांवर.

त्याच्या दोन्ही हातांत आंब्याची कलमं होती. त्यानं आधी फुटक्या कौलाकडे पाहिलं, मग कलमांकडे, आणि सगळं शाबूत असल्याची खात्री झाल्यावर वर.

“कोण आहे वर? वानर असेल तर ओरडतो, माणूस असेल तर बोलतो.”

“माणूस आहे,” मी म्हणाले. “माफ करा. लागलं का?”

“लागलं असतं तर एवढं बोललो नसतो.” त्यानं डोळ्यांवर हात धरला. “आबांची मुलगी ना तुम्ही? कॉलेजात शिकवता त्या?”

“हो. ऋतिका.”

“मी नितेश. वहाळापलीकडे कलमांची रोपवाटिका आहे ती आमची. कौलं चाळायला कुणी माणूस नाय मिळालं तुम्हाला?”

“मिळालं की. तुम्ही बघताय ते.”

तो हसला नाही. त्यानं फक्त मान किंचित कलती केली, आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आल्यावर माझे बरे विद्यार्थी करतात तशी, आणि कलमं सांभाळत निघून गेला. तो वहाळाच्या, म्हणजे वाडीतल्या ओढ्याच्या, वळणाआड होईपर्यंत मी दुसरं कौल उचललं नाही, हेही नोंदवून ठेवते.

हे घर हातखंब्यापासून आठ किलोमीटर आत आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, वय पंचावन्न. आई-आबा माझ्या भावाकडे, विनीतकडे, डोंबिवलीला राहतात. त्यामुळे ते अकरा वर्षं बंदच होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात मला पदार्थविज्ञान शिकवण्याची नोकरी लागली तेव्हा विनीत म्हणाला, शहरात खोली घे. मी म्हणाले, घर आहे. तो म्हणाला, मग कौलं काढून पत्रे टाकून घे, ठेकेदार पाठवतो. मी ठेकेदार परत पाठवला आणि उन्हाळ्याची सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कोयता हातात घेतला.

पहिला आठवडा आवारात गेला. परसात माणूसभर उंच माजलेली घाणेरी मुळासकट काढली, कौलांवर घासणारी फणसाची फांदी उतरवली, मागचा बुजलेला चर मोकळा केला. मग छपराकडे वळले. कौल फुटतं म्हणून घर गळतं, असा सर्वसाधारण समज आहे. एक हजार तीनशे बारा कौलांपैकी फुटकी निघाली फक्त सेहेचाळीस. बाकीची धडधाकट होती आणि तरीही खाली भिंतीवर ओघळांचे डाग होते. दोन कौलं जिथे एकमेकांत बसतात त्या खाचेत माती आणि शेवाळ साचलं, की पाणी त्या बारीक फटीतून उताराविरुद्ध वर चढतं. केशाकर्षण. उपाय एकच – प्रत्येक कौल उचलायचं, तारेच्या ब्रशनं खाच घासायची, परत बसवायचं. यालाच कौलं चाळणं म्हणतात.

मी गंगाकाकींकडून शिडी मागून आणली. गंगाकाकी नितेशच्या आई आहेत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी शिडीच्या अर्ध्यावर असताना ती अचानक स्थिर झाली. खाली नितेश दोन्ही हातांनी ती धरून उभा होता.

“मदतीची गरज नाही,” मी म्हणाले. “कोन पंचाहत्तर अंशांचा आहे. घसरणार नाही.”

“मदत नाय करत. शिडी आमची आहे. मोडली तर आई मला विचारेल.”

“आणि मी मोडले तर?”

“ते आबा विचारतील. ते लांब राहतात.”

मी वर गेले. तासाभरानं उतरले तेव्हाही तो तिथेच होता. या तासात त्यानं एकही सूचना केली नव्हती. वाडीतला जो तो येता-जाता खालून सूचना करत असे, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली.

तो असा चार दिवस संध्याकाळी आला. पाचव्या दिवशी मला पूर्वेच्या उतारावर कुजलेली रीप सापडली – कौलं ज्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी. ती बदलायला एकानं उचलून धरावं लागतं आणि दुसऱ्यानं ठोकावं लागतं. मी बराच वेळ एकटीनं करण्याची युक्ती शोधली. सापडली नाही.

“उद्याचा दिवस देतो,” तो म्हणाला.

“मदत?”

“दिवस. वाडीची रीत आहे. आज मी तुमच्याकडे, मग तुम्ही आमच्याकडे. दिवसाला दिवस.”

हे मला पटलं. उपकार मोजता येत नाहीत, दिवस येतात.

त्या दिवशी वर मी होते आणि तो खालून कौलं देत होता. सुरुवातीलाच मी त्याला कारण सांगितलं होतं: माझं वजन बावन्न किलो, त्याचं अठ्ठ्याहत्तर, आणि पंचावन्न वर्षांच्या कौलाला यातला फरक कळतो. त्यानं वाद घातला नाही. मात्र दर दहा-बारा कौलांनंतर एक कौल द्यायला त्याला जरासा उशीर होई, आणि मी वाकून पाहिलं की तो माझ्याकडे पाहत असे.

“काय झालं?”

“काही नाय. खाच नीट घासली का बघत होतो.”

“खाच तुमच्या हातात आहे. मी इथे आहे.”

“हो… ते पण बघत होतो.”

दुपारी बाराला आम्ही आत गेलो. दारं-खिडक्या लावून घेतल्या. काळोख करून वर पाहायचं. जिथे उजेड दिसेल तिथे काम बाकी. उजेडाचा एकच ठिपका उरला होता. छपरापासून जमिनीपर्यंत एक सरळ, धूळभरली रेघ उतरली होती आणि तिच्या टोकाशी, सारवलेल्या जमिनीवर, एक गोल.

“भोक तर चिरेसारखं लांबडं दिसतंय,” तो म्हणाला. “मग हा गोल कसा?”

“हा भोकाचा आकार नाही. ही सूर्याची प्रतिमा आहे. भोक पुरेसं लहान असलं की कसंही असो, खाली सूर्यच उमटतो.”

त्यानं हात पुढे करून तो गोल तळव्यावर घेतला. कलमं बांधून बांधून त्याच्या बोटांच्या टोकांवर चाकूच्या बारीक रेघा पडल्या होत्या. त्या मला त्या उजेडात प्रथमच दिसल्या.

“म्हणजे माझ्या हातात आत्ता सूर्य आहे?”

“तीन सेंटिमीटरचा.”

“तुला घ्यायचाय?” त्यानं विचारलं, आणि आपण ‘तुला’ म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो थांबला. मीही थांबले. मग मी तळवा त्याच्या तळव्याखाली धरला, आणि त्यानं आपला हात हळूच काढून घेतला. तीन सेंटिमीटरच्या उजेडाला जाणवण्याइतकी ऊब नसते. मला जाणवली. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे होतं. ते मी मनातसुद्धा मांडलं नाही.

मग मी वर गेले आणि ते भोक बुजवलं. संध्याकाळी पाइप लावून दीड तास छपरावर पाणी सोडलं. आत एक थेंब आला नाही. मी विनीतला कोरड्या भिंतीचा फोटो पाठवला, शब्द एकही न लिहिता.

“तुमची कौलं रविवारी ना?” मी नितेशला विचारलं. “सातला येते. माझा दिवस.”

तो शिडी खांद्यावर घेत होता. “नको,” तो म्हणाला.

“नको म्हणजे?”

“तुझा दिवस नको.”

“मला जमणार नाही म्हणून?”

“माझ्यापेक्षा बरं जमतं तुला.”

“मग?”

तो शिडी घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी गंगाकाकींना गाठलं. त्या पडवीत फणसाचे गरे काढत बसल्या होत्या.

“काकी, माझा दिवस घ्यायला नितेश नाही का म्हणतो?”

“तो काय म्हणतो ते त्यालाच ठाव. दोन दिस जेवणात ध्यान नाय त्याचं.” त्यांनी तेलाचा हात पुसला. “पण बाय माझी, बायांचा दिवस चुलीकडं धरतात. तू भाकऱ्या थापायला ये. चार पुरुष वर असतात, त्यांना घास नको?”

“माझी भाकरी तव्यावर जायच्या आधी फाटते.”

“मग पाणी भर.”

“काकी, त्यानं माझ्या छपरासाठी दिवस दिला. मी छपरावरच परत करणार.”

“अगो, संध्याकाळी काम उरकलं की भिकाजीअण्णा नावं घेतात. याचा एक दिवस झाला, त्याचा एक झाला. अण्णांच्या तोंडून बाईचं नाव मी तरी ऐकलेलं नाय. तीस वर्षं भाकऱ्या थापत्ये मी.”

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी दिलेला दिवस दिवस म्हणून धरला जातो की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि ज्या माणसाला तो सर्वांत आधी कळेल असं मी गृहीत धरलं होतं, त्यानंच नको म्हटलं होतं. एखादं गृहीतक चुकल्याचं मला इतकं वाईट पूर्वी वाटलं नव्हतं.

रविवारी सातला मी ब्रश घेऊन त्यांच्या अंगणात पोचले. वाडीतला रामा आणि आणखी दोघे वर चढले होते. भिकाजीअण्णा आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. सत्तरी उलटल्यापासून ते छपराचं काम खालून चालवतात. मी शिडीला हात घातला. नितेश मध्ये आला.

“अण्णा, हिचा दिवस घ्यायचा नाय.”

“कारण सांग,” मी म्हणाले.

“नंतर सांगतो.”

“आत्ता. बाई आहे म्हणून?”

“नाय.”

“पडेन म्हणून?”

“नाय गो…”

“अरे सांग की तिला,” रामा वरून म्हणाला. “ऊन चढतंय.”

नितेशनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. त्याचे कान लाल झाले होते.

“घरच्या माणसाचा दिवस कोणी घेतो काय?”

वाक्य समजायला मला अंदाजे तीन सेकंद लागले. दिवस फेडतात तो दुसऱ्या घराचा. एका घरातली माणसं एकमेकांचे दिवस मोजत नाहीत. नवरा-बायको तर नाहीतच. आमची वाडी सगळी भाऊकीची, एकाच आडनावाची. नितेशच्या आजोबांचं घर तेवढं बाहेरून येऊन वसलेलं, वेगळ्या आडनावाचं, सोयरीक चालेल असं. ही माहिती मला येता-जाता मिळाली होती. तिचा उपयोग मला त्या तीन सेकंदांत कळला.

छपरावरच्या तिघांनी हातातली कौलं खाली टेकवली. स्वयंपाकघराच्या दारातून गंगाकाकी म्हणाल्या, “मेल्या, आधी मला तरी सांगायचंस.”

“आज कौलं चाळायची आहेत की सुपारी फोडायची आहे, ते एकदा ठरवा,” भिकाजीअण्णा म्हणाले. “दोन्हीला माणसं वेगळी बोलवावी लागतात.”

मी ब्रश दुसऱ्या हातात घेतला.

“तू मला विचारतोयस?”

“होय.” तो आता सरळ माझ्याकडे पाहत होता. “असं सगळ्यांसमोर विचारायचं नव्हतं.”

“मग ऐक. उत्तर संध्याकाळी. या घराचा एक दिवस माझ्याकडे आहे. तो बुडवून मी या घरात येणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की लग्न करून सूट मिळवली.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर फक्त आबांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, माझ्या पदवीच्या निकालाच्या दिवशी. तो शिडीपासून बाजूला झाला.

त्यांचं छप्पर माझ्या छपरापेक्षा मोठं आणि उतार जास्त तीव्र. रामानं पहिला तासभर माझी प्रत्येक ओळ तपासली. दुसऱ्या तासाला त्यानं स्वतःच्या ओळीच्या खाचा ब्रशनं घासायला घेतल्या. नितेश मला कौलं देत होता. एका कौलाची देवाणघेवाण गरजेपेक्षा लांबली तेव्हा खालून भिकाजीअण्णा खाकरले. दुपारी आम्ही पडवीत ओळीनं जेवायला बसलो आणि गंगाकाकींनी माझ्या पानात भाकरी वाढली – पुरुषांच्या पंगतीत, तिसऱ्या जागी – आणि “सावकाश जेव गो, अर्धं छप्पर बाकी आहे” म्हणाल्या.

पावणेपाचला आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं. तिथून आख्खी वाडी दिसत होती. वहाळापलीकडे माझं छप्पर होतं: शेवाळ गेल्यामुळे इतरांहून लाल, ओळी फूटपट्टीनं आखल्यासारख्या. एक हजार तीनशे बारा. त्यातलं प्रत्येक माझ्या हातून गेलं होतं. अभिमान ही भावना मोजता येत नाही असं मी वर्गात कधी म्हटलं असेन, तर ते घाईत म्हटलं.

आम्ही उतरलो. हात धुतले. भिकाजीअण्णा खुर्चीतून उठले आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं नावं घेऊ लागले. रामाचा एक. त्या दोघांचे एकेक. नितेशचं घरचंच काम, म्हणून त्याचं नाव नाही. मग ते थांबले. दारात उभ्या गंगाकाकींचा हात पदराला पुसता पुसता थांबला.

“ऋतिकाचा एक,” अण्णा म्हणाले. आणि मग जरा वेळानं, दाराकडे वळून, “गंगाचा एक.”

काकी घाईघाईनं आत गेल्या, आणि आत भांडी कारण नसताना वाजू लागली.

नितेश माझ्यापाशी आला. त्याच्या भुवईवर कौलाची लाल भुकटी बसली होती.

“फिटला दिवस?” त्यानं हळूच विचारलं.

“फिटला.”

“मग…?”

“हो,” मी म्हणाले. “आणि यापुढचे मोजू नकोस.”