मगदूम मिस्त्रींची बोटं

जेवणाऱ्याची बोटं मोजत बसायची सवय कुणाला नसते, पण आईचं लक्ष कुठं असेल याचा नेम नाही. तहसीन वरणभात कालवत होती आणि अम्मी समोर बसून तिच्या उजव्या हाताकडं बघत होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं घास करत होती. अनामिका आणि करंगळी तळहाताशी मुडपून गप्प बसली होती, त्यांना शीतसुद्धा लागलेलं नव्हतं. लहानपणी कोपरापर्यंत वरण ओघळायचं या पोरीच्या, आणि आता ही कुठली साहेबी रीत, असं अम्मीनं विचारलं. तहसीननं हसून हात पुढं केला आणि पाची बोटं पसरून दाखवली. ती स्वतः हाताकडं बघत होती तोवर बोटं सरळ राहिली. पाण्याच्या तांब्याकडं तिची नजर वळली मात्र, दोन्ही गुपचूप आपल्या जागी जाऊन बसली.

तहसीन शिकलगार तालुक्याच्या आयटीआयत मिलराइटचा ट्रेड करत होती. मिलराइट म्हणजे कारखान्यातली यंत्रं बसवणारा, जुळवणारा आणि आजारी पडली की खोलून बघणारा मिस्त्री. तिच्या अब्बांनी जन्मभर सायकलवर सहाण बांधून गावोगावच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावली, तेव्हा लोखंड घरचंच होतं. तरी परीक्षेत पोरगी दोनदा आपटली आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आणायचे असतात. केसाएवढा फरक राहिला तरी यंत्र थरथरतं आणि स्वतःलाच खात सुटतं. त्या केसाशी तिचं जमत नव्हतं. आता तिसरी संधी, आणि शेवटची. प्रमाणपत्राशिवाय साखर कारखाना फाटकाच्या आत घेत नव्हता आणि अब्बा गेल्यापासून घरात कमावतं माणूस उरलं नव्हतं.

यंदा मात्र गुरुमोजा आला होता. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, ते कुणाच्या तोंडात बसेना म्हणून पोरांनीच हे बारसं केलं. उजव्या हातात घालायचा एक पातळ, करडा मोजा. कुणा कसलेल्या मिस्त्रीच्या हाताचे स्नायू काम करताना कसे आवळतात आणि कसे सैल पडतात, ते त्यात साठवलेलं होतं. मोजा घातला की मुंग्या याव्यात तसा बारीक विद्युतप्रवाह शिकणाऱ्याच्या स्नायूंत जायचा आणि हात त्या मिस्त्रीसारखा वळायचा. महिनाभरात मोजा काढला तरी वळण बरंचसं राहायचं. ज्या केसानं तहसीनला दोन वर्षं रडवलं, तो आता तिच्या चिमटीत आपणहून यायचा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिनं वर्गाकडं नीट पाहिलं. कुणी पेला धरला होता, कुणी मोबाइल, कुणी वडापाव. प्रत्येकाच्या उजव्या हाताची तीच दोन बोटं मुडपलेली होती. कुणाला त्याची दखलही नव्हती, सगळे हसत-खिदळत होते.

ट्रेड शिकवणाऱ्या पाटोळे सरांना तिनं एकटं गाठलं. सर आधी म्हणाले, मोठ्या कारागिराची ढब असते ती, हाताला लागायचीच. मग म्हणाले, परीक्षा आठवड्यावर आलीय, नको त्यात डोकं घालू नको. ती हलेना, तेव्हा त्यांनी मान खाली घालून, ज्याचा हात मोज्यात साठवला होता त्या म्हाताऱ्याचं नाव आणि त्याचं गाव सांगितलं. जवळचंच गाव होतं.

आण्णाप्पा मगदूम अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. तहसीननं सलाम केला आणि तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर खिळली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पुढं नुसती गुळगुळीत कातडी होती. मनगटावर मात्र करडा पट्टा होता, मोज्याच्याच कापडाचा.

"बस की, बाळ," मिस्त्री म्हणाले. "मोजेवाल्यांपैकी दिसतीस. कोणतरी येणार हे मला ठावं हुतं."

वीस वर्षांपूर्वी उसाच्या चरकाच्या गिअरमध्ये बोटं गेली, हे त्यांनी शेंगा फोडता फोडताच सांगितलं. त्यानंतर तीन बोटांत सगळी विद्या बसवली. कंपनीची माणसं दारात आली तेव्हा त्यांनी बजावलं होतं, की बाबांनो, हात अर्धा आहे माझा. त्यावर ती माणसं म्हणाली, कौशल्य तर पुरं आहे ना.

म्हणजे मोजा दोन बोटांना काहीच सांगत नव्हता. सगळ्या हाताला काम, त्यांना तेवढी रोजची सुट्टी. ती बोटं आपण या हाताची आहोत हेच विसरत चालली होती. तहसीनला राग आला, आणि तो तिनं बोलूनही दाखवला. मग मिस्त्रींनी मनगटावरच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. हा पट्टा चुका दुरुस्त करायला दिलेला होता. मोज्यातल्या हाताला जे जे लागतं ते पट्ट्यातून मिस्त्रींपर्यंत येतं, कुणाचं चुकलं तर ते आपला हात आवळतात आणि तिकडं शिकणाऱ्याचा हात सावरतो.

"पाची बोटांचं येतं," ते म्हणाले. "नसलेली बोटं वीस वर्सं ठणकायची, बाळ. डॉक्टरला दावायचं काय, रिकामी जागा? तुमी मोजं घातलं आन् ठणका गेला. आता ग्रीस लागतंय. लोखंडाचं गार लागतंय. माझी बोटं परत आली."

आणि ते रडायला लागले, शेंगांच्या ढिगापुढं, लाज न बाळगता. तहसीनचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी भीती येऊन बसली. कारण आता तिला नीट कळलं होतं, आपली दोन बोटं कुठं गेली ते.

डोळे पुसून मिस्त्रींनी हात पुढं केला. "तू म्हण, आत्ता काढून देतो. पट्टा निघाला की मोजं मुकं हुतील, त्याच्याबिगर ती चालत न्हाईत. तुमची बोटं येतील परत, सावकाश. माझं काय, मला ठणक्याची सवं हाय."

एका शब्दाचं काम होतं. तहसीनच्या डोळ्यांसमोर कारखान्याचं फाटक आलं.

"परीक्षा होऊ दे, मिस्त्री," ती म्हणाली. "मग सांगते."

परतीच्या वाटेवर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

परीक्षेला मोज्याला मुभा होती, कारण पुढं कारखान्यातही तो मिळणारच होता. बाहेरून आलेल्या परीक्षक घाटगेबाई कमी बोलणाऱ्या आणि जास्त बघणाऱ्या होत्या. तहसीननं मोटरच्या पायाखाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवले, बोल्ट आवळले, केसाएवढा फरक दाखवणारा डायल गेज फिरवून पाहिला. काटा हलल्यासारखंही करेना. बाईंनी पंप सुरू करायला लावला आणि सगळ्यांना विचारत आल्या होत्या तेच विचारलं, की हे यंत्र कारखान्याच्या ताब्यात देऊ का. तिच्या आधीच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं. आवाज साफ होता. तहसीनही हो म्हणणार होती.

तेवढ्यात तिची करंगळी उलगडली. तिनं उलगडली नव्हती. पाठोपाठ अनामिका उठली आणि दोन्ही बोटं पंपाच्या बेअरिंगवर जाऊन टेकली, आजाऱ्याच्या कपाळावर टेकावीत तशी. तहसीनला काहीच लागलं नाही. ना ऊब, ना थरथर; ते सगळं तिकडं मिस्त्रींना लागत असणार. दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या खांद्याला जोडलाय असं तिला वाटलं. बोटं थोडी थांबली आणि चटका बसल्यासारखी मागं आली.

"बेअरिंग गेलंय," तिच्या तोंडून निघालं. "बंद करा."

पंप बंद करून बेअरिंग खोललं. आत गोळ्यांच्या कड्याला तडा होता, बाईंनी मुद्दाम घातलेलं खराब बेअरिंग. इतक्या वर्षांत हे ओळखणारी तू तिसरी, असं त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

"तुला कसं कळलं?"

"हाताला कळलं," तहसीन म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि खरं तर मुळीच नव्हतं.

पास झाल्याचं बाईंनी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. कारखान्याचा माणूस हजर होता, त्यानं पहिल्या तारखेला ये म्हटलं, आणि तिच्यासाठी नवा मोजा काढून ठेवतो असंही सांगितलं.

बाहेर येऊन ती बाकावर बसली. मोजा काढून बाजूला ठेवला. दोन्ही बोटं पुन्हा मुडपली होती. परीक्षा झाली होती, आता सांगायचं होतं. पट्टा काढा, एवढंच. तिनं फोन काढला, त्या दिवशी नंबर घेऊन साठवलेलं मिस्त्रींचं नाव शोधलं. उजवा अंगठा नावावर गेला आणि तसाच अधांतरी राहिला. तिनं त्याला दाबायला सांगितलं. तो हलला नाही. मोजा तर काढून ठेवलेला होता. मग थांबवत कोण होतं, तिकडं अंगणात बसलेला, वीस वर्षांनी ठणक्यातून सुटलेला म्हातारा?

तसंच असावं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिची नजर मांडीवरच्या डाव्या हाताकडं गेली. त्याला कधी कुणी मोजा घातलेला नव्हता. पाची बोटं त्याची स्वतःची होती, तिच्या शब्दात होती. मग तो का पुढं येत नव्हता?