तीन नंबरचं उत्तर

प्राध्यापक बाई गुप्तहेरासमोरच्या खुर्चीत बसल्या त्या अंग टाकून दिल्यासारख्या. "लोक कोणत्या पक्षाला आपला मानतात, यावर निम्मं आयुष्य घातलंय. आजवर कुणाचं उत्तर बाहेर गेलं नव्हतं. आता गेलं म्हणतात. विद्यापीठवाले अभ्यासच बंद करायला निघालेत."

फर्निचरवाल्याच्या धाकट्या मुलानं बाईंच्या अभ्यासाच्या मुलाखतीत नवा पक्ष सांगितला, अशी बातमी बापाच्या कानावर गेली होती. बाप जुन्या पक्षाचा कट्टर. पोरगा शपथा घेत राहिला, पण बापानं त्याला घराबाहेर काढलं. आता तो मित्राच्या गोदामात झोपत होता.

गुप्तहेरानं चष्मा पुसला. निवडणुका आल्यापासून सगळी प्रकरणं असलीच. मतदार या प्राण्याचाच त्याला कंटाळा आला होता. "तुमच्याकडून फुटलं?"

"माझ्याकडून फुटलं असतं, तर असं फुटलं नसतं." बाई म्हणाल्या. "जास्त बोलणार नाही. शब्द दिलाय."

मुलाखती घेणारा सहायक रडकुंडीला आला होता. "पक्षाचं नाव कुणी उच्चारायचंच नाही. पक्षांची यादी छापलेलं कार्ड हातात द्यायचं, माणसानं नुसता नंबर सांगायचा. धाकट्यानं 'तीन' म्हटलं. बाप बाहेरगावी होता, दुकानात दोघे भाऊच."

गुप्तहेराच्या मेहुण्यानं टेबलावरची दोन कार्डं उचलली. "भावोजी, यांचा छापखाना झोपेत होता! एकावर नवा पक्ष पहिला, दुसऱ्यावर चौथा."

"मुद्दाम आहे ते," सहायक म्हणाला. "वरच्या नावाकडे लोकांचा कल जातो, म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर क्रम वेगळा. पण हे आम्ही कुणाला सांगत बसत नाही."

थोरला भाऊ दुकानात कपाटाला पॉलिश करत होता. "माझी मुलाखत आधी झाली. मग मी दुकानातल्या या पडद्यामागे कामाला लागलो. कुणाच्या भानगडीत मी नाक खुपसत नाही."

बातमी कुणी दिली, हे बाप सांगेना. "घरात फितूर नको," एवढंच.

दुसऱ्या दिवशी गुप्तहेरानं सगळ्यांना दुकानातच बोलावलं. धाकटाही आला, पण दाराशीच उभा राहिला.

"बाई म्हणाल्या, 'असं फुटलं नसतं.' म्हणजे काय?"

"बातमीच चुकीची होती!" मेहुण्याच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला.

"बरोबर. बाई आणि सहायक, दोघांनाही कार्डावरचा क्रम माहीत. ते चुकले नसते. चुकेल कोण? ज्यानं 'तीन' ऐकलं, पण धाकट्याचं कार्ड पाहिलं नाही, आणि सगळ्यांची कार्डं सारखीच समजून स्वतःच्या कार्डावरून अर्थ लावला." तो थोरल्याकडे वळला. "तुमचं कार्ड मी पाहिलं. त्यावर तिसरा आहे नवा पक्ष."

थोरल्याच्या हातातला फडका थांबला. "बाबा, मला खरंच वाटलं..."

"वाटलं असेल," गुप्तहेर थकून म्हणाला. "पण भावाला एकदा विचारावं, असं नाही वाटलं."

बाप बाईंकडे वळला. "मग त्यानं सांगितलं तरी काय होतं?"

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या.

"मी सांगतो," धाकटा म्हणाला. "तुमचाच पक्ष, बाबा. लहानपणापासून दुसरा माहीतच नव्हता."

बाप उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, घरी चल."

धाकट्यानं तो हात हलकेच बाजूला केला आणि बाईंकडे पाहिलं.

"मला तो प्रश्न परत विचारा, बाई. उत्तर बदललंय."