खाल्ते पाहा

दुपारची ओपीडी आटोपली, की डॉक्टर इला सरावासाठी प्लास्टिकचा डोळा स्टँडवर बसवायची. बाहेर वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन, आत कुलरची घरघर. पुण्याची ही मुलगी डोळ्यांची डॉक्टरकी शिकायला इथं आली होती. हात चांगला होता; पण मोतीबिंदूवरच्या पातळ पडद्याला गोल छेद देताना घाई नडायची आणि पडदा टरकन फाटायचा.

श्रीनिवास सरांची अट होती: सलग पाच डोळे न फाडता झाले, तरच धुरपताबाईचं ऑपरेशन तिच्याकडे. गिरडच्या या म्हातारीचा एक डोळा लहानपणीच पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळक्या झाडाचं, टोक लागून गेला होता. उरला तो हाच. तोही बिघडला, तर कायमचा अंधार.

भूल फक्त थेंबांची, म्हणून पेशंटशी बोलत राहायचं, ही सरांची शिस्त. खोट्या डोळ्याशीसुद्धा. इला म्हणायची, "खाली बघा."

"तसं नाई, म्याडम," सिस्टर सुलोचनाबाई हसल्या. "इकडच्या म्हाताऱ्या गोंधळून जातात. 'खाल्ते पाहा' म्हना."

इलानं तसं म्हटलं. डोळा खाली वळला.

स्क्रू ढिला असेल. तिनं तो आवळला, नवा डोळा बसवला, पुन्हा तेच म्हटलं. बाहुली हळूच खाली गेली, हवी तेवढीच. छेद गोल आला.

"सुलोचनाबाई, हे हलतंय का हो?"

"प्लास्टिक काऊन हलन? तुमचेच डोये थकले."

पाचव्या डोळ्याच्या कडेला ओल होती. पाण्याची पिचकारी तिनं अजून हातातही घेतली नव्हती. इलानं ती कापसानं टिपली आणि छेद पुरा केला. सरांना सांगितलं असतं, तर केस हातची गेली असती. तिनं वहीत नुसतं 'पाच पूर्ण' लिहिलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. "खाल्ते पाहा," म्हणताच धुरपताबाईनं पाहिलं. पडदा शाबूत राहिला. सरांनी मान डोलावली, आणि इलाला रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट्टी काढली. खोलीत दोघीच.

"किती बोटं, आजी?"

"तीन. लय साफ दिसते, डाक्टरीन बाई."

इलाचा जीव भांड्यात पडला. धुरपताबाई मात्र तिच्या खांद्यामागं पाहत होती.

"ह्या बाया कोन व्हय?"

इला वळली. पांढरी भिंत.

"कोणत्या बाया?"

"ह्या का, पाच जनी." म्हातारीनं आवाज बारीक केला. "साऱ्या खाल्तेच पाहून राह्यल्या."

इलानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"त्यायले वर पाहाले सांगा ना, बाई. तुमच्या सांगन्याचीच वाट पाहून राह्यल्या थ्या."